अजिंठ्याच्या भिंतीवरील प्राण्यांच्या कथा कशा वाचाव्यात?

आपण येत्या हिवाळ्यात सोलापूरहून पाचवी ते सातवीतल्या काही मुलांना घेऊन अजिंठ्याला जाणार आहात. मागच्या खेपेस सतराव्या लेण्यात बराच वेळ उभे राहूनही ‘हा हत्ती, हे माकड, ही राणी’ यापलीकडे काही उलगडले नाही, घरी वाचलेल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, भिंतीवरच्या चित्रांशी जुळेनात, आणि शिबी राजाच्या कथेत तर कबूतरच सापडले नाही, असे आपण लिहिले आहे. प्राण्यांच्या या बोधकथा ओळखाव्यात कशा, आणि त्या मुलांना आधी सांगाव्यात की लेण्यात, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना घेऊन अजिंठ्याला वारंवार गेलो आहे. त्या आधारावर हे उत्तर लिहितो.

चित्र कळले नाही की दोष अंधाराला आणि झडलेल्या रंगांना दिला जातो. त्यात तथ्य आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु अगदी स्वच्छ छापील प्रतिकृती हातात दिली तरी बहुतेकांना कथा लागत नाही, म्हणजे अडचण अन्यत्र आहे. आपण ही चित्रे पुस्तकातल्या ओळीसारखी, डावीकडून उजवीकडे, आधीचे आधी आणि नंतरचे नंतर अशी वाचायला जातो. सतराव्या लेण्याच्या भिंतीवर ना चौकटी आहेत, ना प्रसंगांना क्रमांक. एक कथा संपून दुसरी कुठे सुरू झाली, हेही चटकन कळत नाही. शिवाय एकाच कथेतील शेवटचा प्रसंग मध्यभागी आणि पहिला प्रसंग वरच्या कोपऱ्यात असू शकतो. ज्याला क्रम हवा आहे तो इथे हमखास गोंधळतो.

अजिंठ्याच्या चित्रकाराने प्रसंग काळाप्रमाणे न मांडता स्थळाप्रमाणे मांडले आहेत. अरण्यात जे जे घडले ते सारे अरण्याच्या भागात आणि राजवाड्यात जे जे घडले ते सारे राजवाड्याच्या भागात रंगवले आहे, मग त्या दोन घटनांमध्ये कथेतली कितीही वर्षे गेलेली असोत. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेचे चित्र एकाच मोठ्या कागदावर काढायला सांगितले, तर मूल यात्रा भरते ते होम मैदान एकीकडे काढील, तलाव आणि देऊळ दुसरीकडे काढील, आणि सकाळी देवळात गेलेली आजी व संध्याकाळी पाळण्यापाशी उभी असलेली तीच आजी अशी दोन ठिकाणी दाखवील. कागदावर आज्या दोन दिसल्या तरी आजी एकच आहे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. भिंतीवरही तोच राजा, तोच हत्ती, तोच शिकारी पुन्हा पुन्हा भेटतो. म्हणून लेण्यात शिरल्यावर ‘आधी काय झाले’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हे ठिकाण कोणते’ असे विचारावे.

ठिकाण ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत आणि त्या मुलांना लवकर साधतात. बारीक खांबांचा मंडप दिसला की तो राजवाडा. ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखे कोनदार खडक दिसले की तो डोंगर किंवा अरण्य. हे खडक खऱ्या खडकांसारखे मुळीच दिसत नाहीत, पण एकदा ओळखले की साऱ्या लेण्यांत उपयोगी पडतात. कमान किंवा दार, आणि त्यातून बाहेर पडणारी माणसे दिसली, तर कथा एका ठिकाणाहून दुसरीकडे निघाली आहे असे समजावे. दाट पानांचे झाड पुष्कळदा दोन प्रसंगांमधली भिंत म्हणून उभे असते. मग माणसे कुठे पाहत आहेत ते पाहावे, कारण गर्दीतल्या दहा चेहऱ्यांची नजर जिथे वळलेली असते तिथेच बहुधा कथेचा नायक असतो, मग तो आकाराने लहानसा हंस का असेना. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या हातमागाच्या घरांतली मुले प्राण्यांच्याही आधी वस्त्रांवरचे पट्टे आणि नक्षी टिपतात. त्याचाही फायदा होतो, कारण नक्षीदार वस्त्रे दरबारातली आणि आखूड वस्त्र कसलेले लोक पारधी किंवा सेवक, हा भेद त्यांना आपोआप लागतो.

आता एक कथा या रीतीने वाचून पाहू. सतराव्या लेण्यात महाकपी जातक आहे. कथा अशी आहे की गंगेच्या काठी आंब्याचे एक झाड असते आणि त्यावर वानरांचा मोठा कळप राहत असतो. एक आंबा नदीतून वाहत जाऊन वाराणसीच्या राजाच्या हाती लागतो, त्याला ती चव इतकी आवडते की तो माणसे घेऊन झाडाचा शोध घेत येतो, आणि वानर दिसताच त्यांना बाण मारण्याची आज्ञा देतो. वानरांचा राजा नदीपलीकडे झेप घेतो, वेत आपल्या कमरेला बांधून परत उडी मारतो, पण वेत त्याच्या शरीराच्या लांबीइतका कमी पडतो. तेव्हा तो हातांनी फांदी धरून स्वतःच पुलाचा शेवटचा भाग होतो. सारा कळप त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो, आणि शेवटच्या वानराच्या उडीने त्याला प्राणांतिक इजा होते. हे पाहिलेला राजा त्याला खाली उतरवून घेतो आणि राज्यकर्त्याचे कर्तव्य त्याच्याच तोंडून ऐकतो.

भिंतीवर प्रथम नदी शोधावी. पाण्यात मासे आहेत, म्हणून ती चुकत नाही. नदी सापडली की तिच्या काठाचे झाड, झाडावरचे वानर आणि ताणलेल्या शरीराचा वानरराजा सापडतो. मग घोड्यावरचा राजा आणि नेम धरलेले धनुर्धारी पाहावेत. त्यानंतर तोच राजा वानरासमोर ऐकत बसलेला शोधावा. मुलांना मी इथे एवढेच विचारतो की राजा किती वेळा आला आहे आणि दर वेळी त्याची मान कुठे वळलेली आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता कथा त्यांची तीच जुळते.

याच लेण्यात महाकपी नावाची दुसरीही कथा रंगवलेली आहे, आणि अनेकांचा गोंधळ तिथे होतो. तीत अरण्यात वाट चुकलेला माणूस खोल खड्ड्यात पडतो, वानर आधी दगड पाठीवर घेऊन सराव करतो आणि मग त्याला वर काढतो, आणि दमून झोपलेल्या त्याच वानराच्या डोक्यात तो माणूस दगड घालतो. जखमी वानर तरीही त्याला अरण्याबाहेर जाण्याची वाट दाखवतो. यात भर म्हणजे तिथे शरभ जातकही आहे, ज्यात हरणासारखा शरभ आपल्यालाच मारायला आलेल्या आणि खड्ड्यात पडलेल्या राजाला पाठीवर घेऊन बाहेर काढतो, आणि त्यापूर्वी तोही दगड घेऊन सराव करतो. म्हणून खड्डा दिसला की घाईने नाव घेऊ नये. वाचवणारा वानर आहे की शरभ, आणि वाचलेला माणूस साधा आहे की राजा, एवढे पाहिले की पुरते.

माझ्या मते सर्वांत मोलाची कथा षड्दंताची आहे, कारण ती अजिंठ्यात दोनदा भेटते. दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे आहे. सतरावे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले. दोन्ही चित्रांत पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीच्या दोन राण्यांपैकी एकीच्या मनात मत्सर धुमसत राहतो. ती मरून वाराणसीची राणी होते आणि पूर्वजन्मीच्या रागापोटी त्या हत्तीचे सुळे आणायला पारधी पाठवते. पारधी भिक्षूचे काषाय (भगवे) वस्त्र पांघरून येतो आणि खड्ड्यात लपून बाण मारतो. हत्तीला त्याला चिरडणे शक्य असते, पण ते वस्त्र पाहून तो राग आवरतो आणि सुळे कापायला स्वतःच मदत करतो. सुळे समोर येताच राणीला ते सोसत नाही.

दहाव्या लेण्यात ही कथा भिंतीवर लांब पट्ट्यासारखी पसरली आहे. आकार पट्ट्याचा असल्याने ती तरी क्रमाने असावी असे वाटते, पण तिथेही हत्तींचे अरण्य आणि राणीचा राजवाडा ही दोन ठिकाणे आहेत आणि पारधी त्यांच्यामध्ये ये-जा करतो. या चित्रातले हत्ती पाहून मी दर वेळी थांबतो. समोरून, पाठीमागून, पाण्यात, झाडाखाली असे ते इतक्या बाजूंनी काढले आहेत की ज्याने हत्तींचा कळप स्वतः पाहिला नाही त्याला हे जमणार नाही. दुर्दैवाने ही भिंत फिकट झाली आहे आणि लोकांनी तिच्यावर नावेही कोरली आहेत. याच लेण्याच्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आणि एप्रिल १८१९ ही तारीख आहे. तेव्हा लेण्यात भर साचलेली असल्याने ते नाव आज डोक्यापेक्षा उंचावर दिसते. मुलांना केवळ भिंत दाखवून इथे काही दिसणार नाही. रेखाचित्राची प्रत हातात द्यावी आणि प्रतीतली एक रेषा भिंतीवर शोधायला लावावी.

आपल्या शिबीच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. कबूतर, ससाणा आणि तराजू यांची कथा पहिल्या लेण्यात आहे. महाभारतामुळे आपल्या घराघरांत तीच माहीत असते. सतराव्या लेण्यात शिबीचे जे चित्र आहे त्यात तो याचकाला आपले डोळे दान करतो, आणि पाली जातकसंग्रहातली कथाही हीच आहे. राजा एकच, दान मात्र निराळे. आपण योग्य चित्रापुढे उभे राहून दुसऱ्या लेण्यातले कबूतर शोधत होतात. पाली संग्रहात ५४७ कथा असल्या तरी अजिंठ्याचे चित्रकार केवळ त्यावर विसंबले नव्हते. दुसऱ्या लेण्यात आर्यशूर या बौद्ध कवीच्या संस्कृत ‘जातकमाले’तील श्लोक चित्रासोबत लिहिलेले सापडले आहेत. त्यामुळे घरच्या पुस्तकातला तपशील भिंतीवर दिसला नाही तर चित्र चुकले किंवा आपण चुकलो असे मानण्याचे कारण नाही.

पहिल्या लेण्यातली चाम्पेय आणि शंखपाल ही दोन जातके नागांची आहेत, आणि ‘साप कुठे आहे’ हा प्रश्न तिथे हटकून येतो. नागराजा बहुतेक वेळा मनुष्यरूपात असतो आणि त्याच्या डोक्यामागे फणे उभे असतात. चाम्पेय कथेत तो गारुड्याच्या हाती सापडतो आणि राजापुढे त्याचा खेळ होतो, त्यामुळे तिथे मात्र खरा साप शोधायला हवा. मनुष्यरूप आणि सर्परूप ही एकाच पात्राची दोन रूपे आहेत, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

आता मुलांना काय सांगावे याविषयी. आपण या कथांना बोधकथा म्हणता ते बरोबरच आहे, पण शाळेत आपण कथेच्या शेवटी जे तात्पर्य लिहून घेतो ते इथे लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पंचतंत्रातला प्राणी धूर्तपणाने वाचतो किंवा मूर्खपणाने मरतो, आणि त्यावरून व्यवहार शिकायचा असतो. जातकातला प्राणी हा स्वतः बोधिसत्त्व, म्हणजे पुढे बुद्ध होणारा जीव आहे; तो नुकसान होणार हे ओळखून निर्णय घेतो. षड्दंताने सुळे का दिले, या प्रश्नावर मुले तावातावाने भांडतात. ‘क्षमा करावी’ असे एका ओळीत सांगून टाकले तर ते भांडण बंद पडते आणि चित्राकडे पाहणेही थांबते. शिवाय यातल्या बऱ्याच कथांत प्राण्याइतकाच राजा महत्त्वाचा आहे. तो शिकार करायला येतो आणि ऐकत बसतो, आणि चित्रकाराने त्याच्या या बदलाला भिंतीवर भरपूर जागा दिली आहे.

कोणत्या कथा निवडाव्यात हे मुलांच्या वयावर आणि आपल्याजवळ वेळ किती यावर अवलंबून आहे. पाचवीच्या मुलांना मातृपोषक जातक लवकर भावते. आंधळ्या आईला सांभाळणारा पांढरा हत्ती राजाची माणसे पकडून नेतात, तो अन्नाला तोंड लावत नाही, कारण कळल्यावर राजा त्याला सोडतो आणि तो आईकडे परततो. सतराव्या लेण्यात परतल्यानंतरची भेट रंगवली आहे आणि तिच्यात हत्तींच्या सोंडांनी जे सांगितले आहे ते माणसांच्या चेहऱ्यांनाही साधले नसते. महिष जातक छोटे आणि गमतीचे आहे: एक खोडकर माकड शांत रेड्याच्या पाठीवर बसून त्याला छळते, रेडा सोसतो, आणि मग तेच माकड दुसऱ्या, तापट रेड्यावर जाऊन बसते. सातवीच्या मुलांना न्यग्रोधमृगाची कथा झेपते, ज्यात कळपाचा राजा गाभण हरणीऐवजी स्वतःची मान पुढे करतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट पाहिलेली आपली मुले या चित्रांतली हरणे न सांगता ओळखतात. हंस जातक मी मोठ्यांसाठी राखून ठेवतो. जाळ्यात सापडलेल्या हंसराजाला सोडून न जाणारा त्याचा सेनापती सुमुख, आणि शेवटी राजदरबारात मानाने बसलेले दोन हंस, ही मांडणी सुंदर आहे, पण तीत बोलणे अधिक आणि घडणे कमी.

कथा आधी सांगाव्यात की तिथे, याचे माझे उत्तर असे: कथा आधी सांगाव्यात, पण अर्ध्या. महाकपीची कथा वेत कमी पडतो तिथवर सांगून थांबावे आणि पुढचे भिंतीवर शोधायला लावावे. लेण्यात उभे राहून संपूर्ण कथा सांगू नये, कारण चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना आत घेतात आणि मागची रांग थांबलेली असते. निघण्याआधी शाळेत मुलांकडून एखादे दृश्य गेरूच्या रंगाने रेखाटून घेतले तर फार उपयोग होतो. अजिंठ्याच्या चित्रकारानेही तांबड्या रेषेने आराखडा काढला, मग रंग भरले आणि शेवटी गडद रेषेने आकार पक्के केले. रंग झडलेल्या ठिकाणी ती खालची तांबडी रेषा कधी कधी दिसते, आणि स्वतः रेखाटलेल्या मुलाला ती बरोबर ओळखता येते.

अंधाराविषयी थोडे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भाताचा तूस आणि इतर तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धत आहे. गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती, पांढरा हे रंग खनिजांचे किंवा जवळपास मिळणाऱ्या पदार्थांचे. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दाचा, आणि तो पाचव्या शतकातल्या लेण्यांतच आढळतो. अशा गिलाव्याला पाणी, कीटक आणि वटवाघळे यांनी पोखरले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून गिलावा पक्का करून घेतला, म्हणून पुष्कळ चित्रे टिकली. पण त्या वेळी लावलेले लाखेचे लेपन पुढे पिवळसर-तपकिरी पडले आणि नंतर ते काढण्याचे काम करावे लागले. आजचे दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात आणि फ्लॅश वापरायला मनाई आहे. उन्हातून आत आल्यावर पहिली काही मिनिटे मुलांना जमिनीवर शांत बसवावे आणि भिंतीकडे पाहायचा आग्रह धरू नये. डोळे सरावले की निम्मी तक्रार मिटते. वरच्या भागासाठी एखादी छोटी दुर्बीण सोबत असावी.

प्रवासाचे म्हणाल तर सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर असा रस्ता धरला की अजिंठा सुमारे चारशे किलोमीटर पडतो, त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याचा विचार करू नये. लेणी सोमवारी बंद असतात. खासगी वाहन फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावे लागते. दिवस पूर्ण असेल तर पहिले, दुसरे, दहावे, सोळावे आणि सतरावे एवढीच लेणी चित्रांसाठी निवडावीत. दोनच तास मिळणार असतील तर मी सुरुवातीलाच पहिल्या लेण्यापाशी थांबणार नाही. सकाळी सारी गर्दी तिथेच अडते, म्हणून सरळ सतराव्याकडे चालत जावे, तिथे दोन कथा नीट पाहाव्यात, आणि परतताना दहावे व मग पहिले घ्यावे. जाताना किंवा येताना धाराशिवजवळच्या तेरला थांबता आले तर अवश्य थांबा. तिथले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, होते असे अभ्यासक मानतात; दहावे लेणेही चैत्यच आहे. त्याची मागून अर्धगोल असलेली बांधणी बाहेरून पाहिली की दहाव्या लेण्याचा आकार, जो डोंगराच्या पोटात असल्यामुळे बाहेरून कधीच दिसत नाही, तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही.